तिसऱ्या कडव्यानंतर

त्या घरात दोन सुना होत्या. सासूबाई एकीला थोरली म्हणायच्या, दुसरीला धाकटी. सासूबाई गेल्या, पण नावं मागे राहिली. चर्चमध्येसुद्धा पाळकांपासून बाक पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तीच नावं होती. थोरली तळमजल्यावर राहायची, धाकटी वरच्या मजल्यावर. जिना एकच, आणि तो थोरलीच्या स्वयंपाकघराला लागून. धाकटी किती वाजता बाहेर पडली, किती वाजता आली, येताना गुणगुणत आली की गप्प, हे थोरलीला भाजी चिरता चिरता कळायचं. गप्प ती क्वचितच यायची.

थोरली दात बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि त्यांवरून कवळ्या तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये ती सतरा वर्षं कामाला होती. प्लास्टरचे साचे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतोय ना ते बघायचं, मग घासून, गुळगुळीत करून डबीत भरायचं. बारीक कामाला तिचा हात बसलेला होता. त्याच हातांनी ती दर रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. एकोणीस वर्षं. अंगात ताप असताना वाजवला, बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात वाजवला. सासूबाईंच्या अंत्यविधीलाही तीच बसली, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तशीच वाजवत राहिली.

"तुम्हाला कसं हो जमतं हे सगळं?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "कुठलं जमतंय? मला वेळच कुठे असतो? ओढतेय आपली."

हे वाक्य तिच्या तोंडात अगदी चपखल बसलं होतं. त्याच्या आड बऱ्याच गोष्टी झाकून ठेवता येत. लॅबचं काम शिकवणाऱ्या पदविकेला तिने नाव घातलं होतं आणि शेवटचे दोन पेपर द्यायचे राहून गेले होते, त्याला सहा वर्षं झाली. एके काळी ती पक्ष्यांची चित्रं काढायची. रंगांची पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर होती, उशांच्या मागे. वेळ मिळाला की काढू, वेळ मिळाला की देऊ. वेळ मिळत नव्हता, आणि त्याबद्दल कुणी तिला नावं ठेवत नव्हतं. ती स्वतःही नाही.

मग धाकटी आली. म्हणजे लग्न होऊन आली त्याला आठ वर्षं झाली होती, पण थोरलीच्या डोळ्यांत ती सलायला लागली ती गेल्या दोन वर्षांत. धाकटी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारी ऐकायच्या खिडकीवर बसायची. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, नळ फुटलाय, आणि या सगळ्याला जणू तीच जबाबदार असल्यासारखी माणसं तिच्यावर दिवसभर खेकसायची. अशा नोकरीनंतर माणसाने घरी येऊन भिंतीकडे बघत बसावं. ही बाई मंगळवारी पोहायला जायची. बुधवारी मातीची भांडी करायला. कायद्याचा अभ्यास बाहेरून चालू होता. सात वर्षांची मुलगी होती, तिला गोष्टी सांगायच्या होत्या. आणि एके दिवशी ती खाली येऊन म्हणाली, "वहिनी, मला ऑर्गन शिकवाल? फार नाही, गीतांपुरता."

"मला वेळ नाही गं," थोरली म्हणाली.

"हो, तेही खरंच," धाकटी म्हणाली, आणि जराही मनाला लावून न घेता मास्तरांकडे गेली.

मास्तर म्हणजे क्वायर चालवणारे. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. त्यांना कुणी शिकायला आलं की आकाश ठेंगणं व्हायचं. सहा महिन्यांत धाकटी साधी गीतं वाजवायला लागली आणि मास्तर महिन्यातून एखादं गीत तिला द्यायला लागले.

ती वाजवायची कशी? चुकत. डावा हात मागे राहायचा, पायाखालच्या पट्ट्या शोधताना ती खाली वाकून बघायची. चुकली की ओठ चावून हसायची आणि पुढे जायची. आणि उपासना संपल्यावर चार बायका तिच्याभोवती गोळा व्हायच्या. "काय छान वाटलं गं तुला तिथे बघून." थोरली बाजूला उभी राहून आपल्या वह्या पिशवीत भरायची. एकोणीस वर्षांत तिच्या वाजवण्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, कारण ती चुकलीच नव्हती. छताला कोणी म्हणतं का, आज छान धरलंस म्हणून? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, आणि वर हसरं तोंड ठेवावं लागायचं ते वेगळंच.

एकदा धाकटी दोन दिवस माहेरी गेली. जाताना म्हणाली, झाडांना पाणी घाला. थोरली वर गेली. स्वयंपाकघरात धाकटीने स्वतः केलेले चार पेले मांडले होते, चारही वाकडे, त्यातला एक तर टेबलावर टेकवला की डुलायचा. फ्रिजच्या दारावर आठवड्याचं वेळापत्रक होतं, मुलीच्या रंगीत खडूंनी आखलेलं. नोकरी निळी, अभ्यास हिरवा, पोहणं पिवळं, चर्च लाल. थोरली पाण्याचा तांब्या हातात धरून ते वरपासून खालपर्यंत वाचत गेली. शनिवार दुपारच्या चौकोनात ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'काही नाही.'

बाकीचं सगळं तिने सोसलं असतं, पण ही बाई काही न करण्यासाठीसुद्धा वेळ राखून ठेवते? थोरलीच्या घरी काही न करण्याचा वेळ यायचा तो चोरासारखा. भांडी पडलेली असताना, इस्त्री राहिलेली असताना ती पलंगाच्या कडेला बसायची आणि तासभर गेल्यावर स्वतःवरच चिडून उठायची. असे तास कितीतरी होते. ते तिने कुणाला सांगितले नव्हते. त्या तासांत दोन पेपर सहज झाले असते.

तिने झाडांना इतकं पाणी घातलं की कुंड्यांखालून ओघळ आले.

त्या सोमवारपासून थोरलीनेही कंबर कसली. पदविकेची पुस्तकं काढली, रंगांची पेटी काढली, सकाळी अर्धा तास आधी उठायला लागली. नवऱ्याने विचारलं, "काय चाललंय काय?" ती म्हणाली, "काही नाही, तुमच्या धाकट्या भावाच्या बायकोला जमतं तर मला का जमू नये?" नवरा शहाणा होता, वर्तमानपत्रात तोंड घालून बसला. पंधरा दिवस तिने ओढलं. सोळाव्या दिवशी लॅबमध्ये तिने एका ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या कवळीत विशीतल्या नटाला शोभतील असे पांढरेशुभ्र दात बसवले आणि एका तरुण बाईच्या कवळीत त्याचे पिवळसर. दोन्ही कवळ्या परत आल्या. लॅबच्या मालकीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुझ्या हातून? तुझ्या?" तेवढंच. म्हातारा खूश झाला होता म्हणे, परत द्यायला तयार नव्हता. सगळी लॅब हसली. थोरलीला हसू आलं नाही. संध्याकाळी तिने पुस्तकं जागच्या जागी ठेवून दिली, आणि वरून धाकटीच्या हसण्याचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं, ही मलाच हसतेय.

चर्चमध्ये वर्षातून एकदा आठवणीची उपासना असायची. एक ठरावीक गीत होई, चार कडव्यांचं, आणि मग त्या वर्षभरात गेलेल्यांची नावं पाळक वाचून दाखवत. ते गीत आजवर थोरलीनेच वाजवलं होतं. त्या वर्षी मास्तर म्हणाले, "बाई, बाकीचं सगळं तुम्ही आहातच. हे एक गीत धाकटीला देऊ. तेवढाच तुमच्यावरचा भार हलका."

"द्या की," थोरली म्हणाली. भार हलका. इतकी वर्षं ती भार भार करत आली होती. आता तो कुणी उचलायला लागलं तर तिला तो हातचा जाऊ द्यायचा नव्हता.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांचा फोन आला. "धाकटीचा फोन लागत नाहीये, बाई. तिला एक निरोप द्याल? पाळकसाहेबांनी यंदा जरा बदल केलाय. नावं गीतानंतर नाही, मधेच वाचायची. तिसऱ्या कडव्यानंतर ऑर्गनने पूर्ण थांबायचं. नावं झाली की त्यांची खूण होईल, मग चौथं. क्वायरला मी उद्या सांगतो. धाकटीला उद्या कामावर जायचंय, ती सरावाला नसेल. सांगाल ना नक्की?"

"सांगते," ती म्हणाली. आणि फोन ठेवला तेव्हा ती सांगणारच होती. हे तिने पुढे स्वतःला पुष्कळदा बजावलं.

अर्ध्या तासाने धाकटी खाली आली, नेलेली चाळणी परत द्यायला. केस ओले होते. ओट्याला टेकून ती दहा मिनिटं बोलत राहिली, कार्यालयात एका माणसाने बाटलीत भरून आणलेल्या गढूळ पाण्याबद्दल. "मला म्हणतो, पिऊन दाखवा. मी म्हटलं, आधी तुम्ही." थोरली पोळ्या लाटत होती. निरोप जिभेवर होता. तिने विचार केला, हिचं बोलणं संपू दे. बोलणं संपलं. मग विचार केला, जाता जाता सांगू. धाकटी गेली. उद्या सांगू.

शनिवारी संध्याकाळी वरून छोट्या की-बोर्डचा आवाज यायला लागला. धाकटी गीताचा सराव करत होती. थोरली खाली खुर्चीत बसून ऐकत होती. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं, आणि श्वासही न घेता चौथं. पुन्हा सुरुवातीपासून. तिसरं, की लगेच चौथं. सहा वेळा ती ते वाजवत गेली आणि सहाही वेळा थोरलीला माहीत होतं की जिना चढायला बारा पायऱ्या आहेत. सातव्या वेळी धाकटीने एकही चूक न करता गीत संपवलं आणि वरून मुलीच्या टाळ्या ऐकू आल्या. थोरली उठली आणि इस्त्री करायला लागली.

रविवारी चर्च भरलं होतं. दुसऱ्या बाकावर सुतार बसला होता. त्याची बायको चार महिन्यांपूर्वी गेली होती आणि तेव्हापासून तो चर्चमध्ये फिरकला नव्हता. आज नवीन शर्ट घालून आला होता, घडीच्या रेघा तशाच. थोरलीने ऑर्गनची जागा धाकटीला दिली आणि क्वायरच्या कडेला जाऊन उभी राहिली. धाकटीने तिच्याकडे बघून हळूच म्हटलं, "हात बघा, बर्फ झालेत."

पहिली तीन कडवी चांगली झाली. खरंच चांगली. तिसरं संपलं, क्वायर थांबला, पाळकांनी कागद उचलला आणि पहिलं नाव घेतलं. त्याच क्षणी ऑर्गन चौथ्या कडव्यात शिरला, सगळे स्वर मोकळे सोडून, कारण शेवटचं कडवं जोरात वाजवायचं असं मास्तरांनीच शिकवलं होतं. पाळकांचे ओठ हलताना दिसले. आवाज कुणालाच आला नाही. क्वायरमधल्या दोघी सवयीने गायला लागल्या, बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मास्तर दोन्ही हात हलवत होते, पण धाकटीची नजर स्वरलिपीच्या कागदावर खिळलेली. अर्धं कडवं झाल्यावर तिला गाणं ऐकू येत नाहीये हे जाणवलं. तिने मान वर केली आणि हात असे उचलले जसे पट्ट्या तापल्या आहेत.

पाळक गोंधळले होते. त्यांनी घसा साफ केला आणि पुढचं, दुसरं नाव वाचलं. पहिलं पुन्हा वाचायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिलं नाव सुताराच्या बायकोचं होतं. तो पाळकांकडे बघत राहिला, ते त्या नावाकडे परत येतात का म्हणून. मग यादी पुढे गेल्यावर खाली मान घालून आपले तळहात बघत बसला.

उपासनेनंतर मागच्या खोलीत, जिथे क्वायरचे झगे टांगलेले असत तिथे, मास्तर आले. ते रागावलेले नव्हते, पार खचलेले दिसत होते. "अगं, थांबायचं होतं ना तिसऱ्यानंतर."

"कुणी सांगितलं?" धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता. "मला कुणी नाही सांगितलं."

मास्तरांनी थोरलीकडे बघितलं. धाकटीनेही बघितलं.

"मी सांगितलं होतं," थोरली म्हणाली. "परवा. चाळणी द्यायला आलीस तेव्हा." आवाज इतका शांत निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं. "तू त्या बाटलीतल्या पाण्याचं सांगत होतीस. तुझं लक्ष नसेल."

धाकटी बघत राहिली. थोरलीला वाटलं आता ही म्हणणार, खोटं बोलताय वहिनी. तिने तशी तयारीही ठेवली होती. पण धाकटीच्या कपाळावर बारीक आठी पडली, आतल्या आत काही शोधत असल्यासारखी, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "सांगितलं होतं? असेल. असेल मग. मला आठवत नाहीये."

थोरलीला हवं होतं ते सगळं तिला मिळालं. पुढच्या रविवारी सगळी गीतं तिनेच वाजवली. एक बाई मुद्दाम जवळ येऊन म्हणाली, "तुमचा हात तो तुमचा हात. उगाच नवशिक्यांच्या हाती देतात." एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी काही बोललं होतं. दिवसभर ते वाक्य तिने मनात घोळवलं, आणि दर वेळी त्याची चव थोडी कमी झाली.

जिना गप्प झाला होता. मंगळवारी धाकटी पोहायला गेली नाही. बुधवारी कामावरून आली ती सरळ वर. शनिवारी सकाळी थोरली वर गेली, दिराची पत्रं खालच्या पेटीत आली होती ती द्यायला. फ्रिजचं दार कोरं होतं. टेबलाशी धाकटी एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत बसली होती.

"बसा ना वहिनी," ती म्हणाली. "चहा ठेवते. थांबा, आधी लिहून ठेवते, गॅस चालू केला म्हणून."

"गॅस चालू केल्याचं कशाला लिहायचं?"

"लिहिलेलं बरं." ती वहीकडेच बघत होती. "तुम्ही म्हणायचात ना, एवढं सगळं एका माणसाला झेपत नाही. बरोबर होतं तुमचं. कायद्याचा या वेळचा फॉर्म नाही भरला मी. ऑर्गनचंही मास्तरांना सांगितलं, नको म्हणून." तिने पेन खाली ठेवलं. "वहिनी, तुम्हाला विचारू? खरं सांगाल? याआधी कधी असं झालंय का, तुम्ही मला काही सांगितलं आणि मी विसरले?"

"नाही गं. असं का विचारतेस?"

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. पन्नाशीच्या आत. आधी निरोप विसरायची. आपण सांगितलं म्हणायचं, ती म्हणायची नाही सांगितलं, आणि आम्ही तिच्यावर चिडायचो." धाकटीने वही मिटली. "मला ती दहा मिनिटं लख्ख आठवतात. चाळणी आठवते, तुमच्या हातातलं लाटणं आठवतं. तुमचं बोलणं तेवढं पुसलं गेलंय. आईलाही असंच, आजूबाजूचं सगळं आठवायचं. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. यांना अजून बोलले नाही."

थोरली खुर्चीवर बसली. काही क्षण तिच्या डोक्यात अगदी हिशोबी विचार येऊन गेला, की डॉक्टर तपासतील, काही निघणार नाही, प्रकरण मिटेल, बोलायची गरज नाही. मग तिने धाकटीच्या हातातली ती वही बघितली. वेळ, गॅस, दार, किल्ली. बारीक अक्षरात सगळं.

"मी सांगितलंच नव्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"निरोप. मी सांगितला नव्हता तुला. तू काही विसरली नाहीस. विसरायला काही नव्हतंच."

धाकटीला कळायला वेळ लागला. "तुम्ही विसरलात?"

इथे एक दार उघडं होतं आणि थोरलीला ते दिसलं. हो म्हटलं की झालं. "नाही," ती म्हणाली. "मला आठवत होतं. शनिवारी तू सराव करत होतीस तेव्हाही मी खाली बसून ऐकत होते."

"का पण?"

"तुला सगळं जमतं म्हणून."

"मला?" धाकटीचा आवाज चढला. "मला काय जमतं वहिनी? दोन विषयांत नापास आहे मी. माझा एक पेला सरळ उभा राहत नाही. पोहायला जाते म्हणजे तरणतलावाची कड धरून असते. काय जमतं मला?"

"ते माहीत आहे मला. नापास झालीस त्या संध्याकाळीही तू गुणगुणत जिना चढलीस. तेच मला सहन होत नाही. माझं एक जरी वाकडं झालं तरी मी ते कपाटात टाकते आणि परत हात लावत नाही. मला वेळ असतो गं. पुष्कळ असतो. मला चुकायला जमत नाही."

धाकटी उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "तेरा दिवस मी मुलीच्या तोंडाकडे बघून रडतेय. हिला किती वर्षं ओळखेन मी, म्हणून." पुढे ती अगदी हळू बोलली. "तुम्ही आता खाली जा वहिनी."

थोरली खाली गेली.

दुपारी ती मास्तरांकडे गेली आणि जे घडलं ते एका दमात सांगून टाकलं. मास्तरांनी आपल्या टेबलावरची पट्टी सरळ केली. मग म्हणाले, "बाई, ऑर्गनवर मी तुम्हाला कधी एक शब्द बोललो नाही. माझंच चुकलं. चांगलं वाजवणाऱ्याला सांगायचं असतं." तिने झोडपून घ्यायची तयारी केली होती. हे ऐकून तिला रडू आवरेना. "पण हे फार वाईट केलंत," ते पुढे म्हणाले. "सुताराकडे जाऊन या. ते मी नाही करणार तुमच्यासाठी."

सुतार आपल्या कारखान्यात एका दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. ती बोलत असताना त्याने रंधा थांबवला नाही, फक्त हात हळू झाला. झाल्यावर त्याने लाकडावरची ढलपी फुंकून उडवली.

"नाव ऐकायलाच आलो होतो मी," तो म्हणाला. "घरात आता ते कुणी घेत नाही. मुलं आई म्हणायची. मी एकटाच घ्यायचो."

"पाळकसाहेब उद्या पुन्हा वाचणार आहेत. मास्तर बोललेत त्यांच्याशी."

"वाचू देत." त्याने रंधा बाजूला ठेवला. "तुम्ही घ्या आता."

तिने नाव घेतलं. पहिल्यांदा ते नीट उमटलं नाही. "पुन्हा," तो म्हणाला, आणि तिने पुन्हा घेतलं, स्पष्ट, जसं हाक मारावी तसं. त्याने मान हलवली. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही. त्याने रंधा उचलला आणि ती निघाली.

रविवारी पाळकांनी ते नाव एकटंच वाचलं, आधी आणि नंतर शांतता ठेवून. धाकटी त्या दिवशी चर्चमध्ये आली नव्हती. घरी दोन्ही भाऊ एकमेकांशी पूर्वीसारखेच बोलत होते, बायका नव्हत्या. धाकटी जिन्यावरून जायची ती दाराकडे न बघता. थोरलीने मास्तरांना सांगितलं की मी महिनाभर वाजवणार नाही. मास्तरांनी धाकटीला तीनदा गळ घातली तेव्हा ती तयार झाली. तिने एकच विचारलं म्हणे, "वहिनी असतील का तिथे?" मास्तर म्हणाले, बाकावर असतील.

बाकावर नवऱ्याशेजारी बसायची थोरलीची ती पहिलीच वेळ. इथून सगळं चर्चच वेगळं दिसत होतं. ऑर्गनवरून तिला नेहमी समोरची भिंत दिसायची, आरशात पाळकांचं कपाळ. इथून धाकटीची पाठ दिसत होती, ताठ, मान थोडी पुढे. गीत सुरू झालं. सगळे उभे राहिले, आणि थोरलीने तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिला शब्दच येत नाहीत. सूर सगळे पाठ होते, कुठलं बोट कुठे ते झोपेत सांगितलं असतं, पण शब्द तिने कधी गायलेच नव्हते. नवऱ्याने पुस्तक तिच्यापुढे सरकवलं आणि ओळीवर बोट ठेवलं. ती गायला लागली.

दुसऱ्या कडव्यात तो खाली वाकून म्हणाला, "तू इतकी बेसूर गातेस हे मला माहीत नव्हतं."

"गप्प बसा," ती म्हणाली, आणि गात राहिली. पुढच्या बाकावर एक बाई खणखणीत आवाजात गात होती, पुस्तक मिटून. थोरलीला तिचाही हेवा वाटला.

धाकटी तिसऱ्या ओळीत अडखळली. थोरलीची बोटं पुस्तकाखाली आपोआप हलली. क्षणभर तिला वाटलं, चांगलं झालं. ते वाटणं तिने ओळखलं. ते कुठे गेलं नव्हतं, तिथेच होतं, आपल्या जागी बसून.

उपासना संपल्यावर ती पायऱ्यांवर नवऱ्याची वाट बघत उभी होती. धाकटी मुलीचा हात धरून बाहेर आली. एक पायरी उतरून थांबली. पाच आठवड्यांत ती पहिल्यांदाच बोलली, आणि तेही थोरलीकडे न बघता.

"तिसऱ्या ओळीत कुठे चुकते मी? दर वेळी तिथेच जातं."

"चौथं बोट घेतेस तू तिथे. अंगठा आतून घे, म्हणजे पुढचा स्वर हाताखाली येतो."

धाकटीने हवेतच बोटं फिरवून बघितली. दोनदा. "हं," ती म्हणाली. आणि मुलीला घेऊन पुढे निघाली.